काळजी, खर्रा आणि हिरड्या

मृग लागून आठ दिवस झाले होते आणि आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. तिथे मी एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. बाजूच्या टपरीवर एकजण फळीवर पन्नी धरून सुपारी, तंबाखू आणि चुना तळहाताने घासत होता. वऱ्हाडात राहणाऱ्याला हा आवाज काय आहे ते सांगावे लागत नाही. खर्रा तयार झाला. शेजारच्या गृहस्थांनी त्यातली चिमूट डाव्या गालात सारली आणि थोड्या वेळाने ते बाजूला जाऊन थुंकले. थुंकीत खर्र्याच्या रंगाहून निराळी, रक्ताची तार होती.

मी म्हटले, "भाऊ, हिरडीतून रक्त येतंय."

"उष्णता झाली सर."

"दाढ हलते का?"

"हालते. पण ते आता वयाचं."

वय विचारले, तर बेचाळीस. म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे. बियाणे उधारीवर आणून घरात ठेवलेले, रान तयार, आणि पाऊस नाही. खर्रा कशासाठी, असे विचारल्यावर म्हणाले, "रात्री झोप लागत नाही सर. हे टाकलं का डोकं जरा शांत राह्यते. पेरणी झाली का सोडतो."

त्यांच्या या बोलण्यातली उष्णता खरी नव्हे आणि वयही खरे नव्हे. पण डोके शांत राहण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि आज मला बोलायचे आहे ते या अर्ध्या खऱ्या गोष्टीविषयीच. मी दंतवैद्य नाही, मानसशास्त्र शिकवणारा माणूस आहे. तेव्हा तुम्ही म्हणाल, हा मास्तर आमच्या हिरड्यांत का शिरला? शिरलो, कारण मनाची काळजी आणि तोंडातली हिरडी यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे, आणि तो संबंध जुळतो आपल्या हाताने.

आधी हिरडीचे काम समजून घेऊ. दात हा खुंटीसारखा जबड्यात ठोकलेला नसतो. त्याचे मूळ जबड्याच्या हाडातल्या खोबणीत बारीक तंतूंनी टांगलेले असते, आणि वरून हिरडी त्याला गळ्याशी घट्ट बसणाऱ्या पट्टीप्रमाणे वेढून असते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक लहानशी चीर असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. दात घासल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक चिकट, पातळ थर बसू लागतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला, तर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. त्याच्या खडबडीत अंगावर आणखी जंतू बसतात. शरीर त्यांच्याशी झगडू लागते, हिरडी लाल होते, सुजते, आणि घासताना रक्त येते.

हे किती लवकर होते? १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना त्यांनी दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग घासणे पुन्हा सुरू केले, आणि आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. त्यात उष्णतेचा संबंध नव्हता, वयाचा तर नव्हताच. ती बहुतेक दंतविद्येची तरुण विद्यार्थी मंडळी होती.

इथपर्यंत दुखणे परतवता येते. पुढची पायरी तशी नाही. सूज महिनोन्महिने राहिली की चीर खोल होत जाते, दाताला धरणारे तंतू तुटतात आणि खालचे हाड झिजते. आपल्याकडे उतारावरच्या धुऱ्यावर बाभळ असते. दोन-चार पावसाळ्यांत तिच्या बुडाची माती वाहून जाते, मुळ्या उघड्या पडतात, आणि एक दिवस झाड नुसते हाताने हलते. झाडाला रोग नसतो; बुडाची माती गेलेली असते. हिरडीच्या दुखण्यात पडणारा दात पुष्कळदा असा न किडलेला, धडधाकट असतो. वाईट एवढेच, की हे सारे होताना सहसा दुखत नाही. किडलेली दाढ रात्री जागवते, म्हणून माणूस दवाखान्यात जातो. हिरडी मात्र रक्त, वास आणि लांबट दिसू लागलेले दात एवढ्याच खुणा करते. त्या खुणांना आपण उष्णता म्हणतो आणि गुलकंद खातो.

आता काळजीकडे येऊ. १९३६ साली कॅनडात मॉन्ट्रिअल येथे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांवरील आपली निरीक्षणे थोडक्यात प्रसिद्ध केली. थंडी, जखम, विष, अति श्रम असे वेगवेगळे त्रास दिले, तरी उंदरांच्या शरीरात होणारे बदल ठरावीकच होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींशी संबंधित अवयव आक्रसले होते. पुढे याच विचाराला ताण हे नाव रूढ झाले. या ग्रंथींतून येणारे कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य संकटात आपल्याला उभे ठेवते. पूर आला की सारा गाव नदीकडे धावतो, तसे शरीराचे बळ एकीकडे धावते. एक रात्र धावला तर काही बिघडत नाही. पण महिनाभर सारी माणसे नदीवरच राहिली तर शेतांची राखण कोण करणार? दीर्घकाळच्या ताणात शरीराच्या राखणीची घडी अशीच विस्कटते, आणि हिरडीच्या कडेशी रोज जंतूंशी चाललेल्या झटापटीत उणे पडते. घशाला कोरड पडून लाळ कमी होते, ते वेगळेच. लाळ म्हणजे तोंडाचे वाहते पाणी. ते आटले की घाण साचते.

काही माणसे काळजीने झोपेत दात खातात. सकाळी कानशिले आणि जबडा दुखतो. त्याने हिरडीचा रोग उत्पन्न होत नाही, पण ज्या दाताखालचे हाड आधीच झिजले आहे, तो या रगडण्याने अधिक सैल होतो.

परंतु ताण हिरडीपर्यंत पोहोचतो तो केवळ रक्तातून नव्हे. मोठा रस्ता निराळा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, खंदकांत बसलेल्या सैनिकांमध्ये हिरड्यांचे एक भयंकर दुखणे पसरले होते. दातांमधल्या हिरडीची टोके थोड्याच दिवसांत सडून जात, तोंडाला दुर्गंधी येई, घास घेणे अशक्य होई. त्याला खंदकतोंड असेच नाव पडले. डोक्यावर तोफगोळे, झोप नाही, धड अन्न नाही, दात घासणे नाही, आणि हातात सतत सिगारेट. यातले एकच कारण काढून दाखवता येत नाही. ती सारी एकत्र आली होती.

खंदक कशाला, परीक्षेचेच घ्या. जर्मनीत १९९० नंतरच्या दशकात रेनाटे डाइन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची तोंडे परीक्षेच्या काळात तपासली. परीक्षा देणाऱ्यांच्या हिरड्यांची सूज, परीक्षा नसलेल्या सोबत्यांच्या मानाने, वाढलेली आढळली. आणि ही उद्या डॉक्टर होणारी मुले! दात कसे घासावेत हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, दहावी-बारावीच्या वर्गात मार्च महिन्यात जरा पाहा. रात्री उशिरापर्यंत चहा आणि बिस्किटे, आणि घासण्याची आठवण नाही. चिंतेत माणूस पहिल्यांदा सोडतो ती असली लहान कामे.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या परिसरात झालेला अभ्यास. रॉबर्ट जेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९९ साली प्रसिद्ध केला. पंचवीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या १४२६ माणसांच्या हिरड्या आणि जबड्याची हाडे त्यांनी तपासली, आणि त्यांच्या आयुष्यातल्या निरनिराळ्या ताणांविषयी प्रश्न विचारले. त्यांत पैशाची ओढाताण हिरड्यांच्या दुखण्याशी ठळकपणे जोडलेली निघाली; वय आणि सिगारेट यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही निघाली. इथपर्यंत आश्चर्य काही नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली: अडचण आली की तुम्ही काय करता? काही माणसे अडचणीलाच हात घालतात. हिशेब मांडतात, कोणाला तरी विचारतात, एक पाऊल टाकतात. काही माणसे अडचण तशीच ठेवून मनाची समजूत घालत बसतात. पैशाची ओढाताण आहे आणि मन रमवण्यावरच भर आहे, अशांमध्ये हिरडीचे गंभीर दुखणे, त्याच स्वभावाच्या पण ओढाताण नसलेल्या माणसांच्या मानाने, दुपटीच्या आसपास आढळले. उलट, ओढाताण तेवढीच असूनही जे अडचणीला हात घालत होते, त्यांना धोका चार पैसे बाळगून असलेल्यांपेक्षा अधिक नव्हता.

बफेलो आणि इंझोरी यांत फार अंतर आहे, हे मला कळते. तिथल्या माणसाला पगार आहे, आपल्याला नक्षत्र आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. इथल्या माणसाच्या डोक्यावरचा भार काल्पनिक नाही, आणि तोंडात खर्रा धरणाऱ्याला व्यसनी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. शहरातून येऊन असे बोलणारे पुष्कळ भेटतात. भाव पडला तो या माणसाने पाडलेला नसतो. पण म्हणूनच विचारतो, की जो भार आहे तो हलका करण्याचे जे साधन आपण निवडले, ते भार हलका करते की आणखी एक वाढवते?

खर्रा टाकल्यावर डोके शांत होते, याचे कारण तंबाखूतले निकोटिन काही मिनिटांत मेंदूपर्यंत जाते. ते ओसरले की बेचैनी येते. ही बेचैनी कर्जाची की निकोटिन उतरल्याची, हे खाणाऱ्याला कळत नाही. तो दुसरी चिमूट घेतो आणि म्हणतो, बरे वाटले. जी आग खर्र्याने लावली तीच खर्रा विझवतो आणि श्रेय घेतो. मूळ काळजी आहे तिथेच राहते.

गालात मात्र काम चालू असते. जिथे चिमूट रोज धरली जाते, तिथली हिरडी दातावरून खाली सरकते, मुळे उघडी पडतात. चुना त्वचा पोळतो. सुपारीने गालाच्या आतली त्वचा घट्ट, दोरीसारखी होत जाते. तोंड उघडेना होते, तिखट सोसेना होते. "मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो," असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलेले आहे. बिडी-सिगारेटची आणखी एक लबाडी आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. आत हाड झिजत असते आणि वरून हिरडी ठीक दिसते. बिडी सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त दिसू लागले, तर घाबरून पुन्हा बिडी धरू नये. रक्तपुरवठा ताळ्यावर येत असतो.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे २४ टक्के प्रौढ माणसे चघळण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरत असल्याचे आढळले. ओढणारे ४ टक्क्यांच्या आत होते. म्हणजे आपल्या राज्याची तंबाखू धुरात नाही, गालात आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण टपरीवरचा खर्रा हाताने घोटला जातो, त्याला ना पाकीट ना छाप. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ या नावाने दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम चालले आहे, त्यात खर्रा हा मोठाच विषय आहे.

बायाबापड्यांचे दुखणे याहून झाकलेले. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, मग निंदणाला नाहीतर वेचणीला, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि जेवायला सर्वांच्या शेवटी. अशा बाईला पहाटे मशेरी लावायला मिळणारी पाच मिनिटे ही दिवसातली एकटीची वेळ असते. तिला ती दात घासणे समजते. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखू हिरडीला चोळत असते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास देशात १९९२ पासून मनाई आहे, पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला कोण मनाई करणार? गरोदरपणात शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या आधीच लवकर सुजतात. त्यात तंबाखू बाळाच्या वजनावरही परिणाम करते. घरच्या मंडळींना एक विचारतो: ती पाच मिनिटे तिला मशेरीवाचून का मिळू नयेत?

मग करावे काय? दात मऊ ब्रशने दिवसातून दोनदा घासावेत, आणि एकच वेळ जमत असेल तर रात्रीची चुकवू नये. कडुनिंबाची काडी चांगली चावून कुंचला करून हळू वापरली तर हरकत नाही. कोळसा, विटेची पूड, राखुंडी यांनी दात झिजतात. रक्त येते म्हणून घासणे थांबवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. रक्त येते तिथेच अधिक जपून, पण नक्की घासावे. कीटण मात्र ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्यानेच काढावे लागते. "मशीन लावली की दात हलतात," ही भीती गावोगाव ऐकू येते. खरी गोष्ट अशी, की झिजलेल्या हाडाच्या जागी कीटणाची भिंत उभी असते. ती काढली की आधीच सैल झालेला दात सैल असल्याचे कळते. वरचा दात काढल्याने डोळे जातात, हीही समजूत निराधार आहे. मधुमेह असेल तर दुहेरी जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर ताब्यात येऊ देत नाहीत.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा स्वतःची तीन बोटे उभी आत जात नाहीत इतके तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर पेरणी-कापणीची सबब न सांगता सरकारी रुग्णालयात दाखवावे.

आणि काळजीचे? अडचणीला हात घालणे म्हणजे अडचण सुटणे नव्हे. पाऊस कोणाच्या हिशेबाने पडत नाही. पण एका कागदावर कोणाचे किती देणे, व्याज किती, तारीख कोणती, एवढे लिहिले तरी रात्रीचा आकारहीन बोजा चार आकड्यांचा होतो. लिहिता येत नसेल तर गावातल्या गुरुजींनी किंवा बाईंनी लिहून द्यावे. हे काम जनगणनेइतकेच मोलाचे आहे, आणि त्याला वरून आदेश यावा लागत नाही. बँकेत हप्त्याची तारीख उलटल्यावर जाण्यापेक्षा आधी जावे. झोपच उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे.

त्याच कागदावर खर्र्याचाही हिशेब मांडावा. वीस रुपयांचा एक आणि दिवसाला तीन धरले, तर वर्षाला २१,९०० रुपये होतात. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, भाजलेली जवस, लवंग, किंवा नुसते पाणी. शिक्षकांनी एवढे पाहावे, की शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने मना आहे, आणि बापासाठी खर्रा आणायला मूल धाडले जात नाही. शिक्षकांच्या खोलीतही कधी कधी पुडी निघते, ते मी पाहिलेले आहे. तिथून सुरुवात झाली तर बरे.

इंझोरीचे ते गृहस्थ मला पुढे दिवाळीनंतर पुन्हा भेटले. हलणारी दाढ काढावी लागली होती. शेजारच्या दोन हलत्या दातांचे कीटण काढल्यावर ते टिकले होते. खर्रा पाचावरून दोनावर आला होता. मी विचारले, ते दोन कोणत्या वेळचे? म्हणाले, "एक सकाळचा, सवयीचा. अन् एक रात्रीचा, सावकाराचा." सकाळचा सुटेल असे त्यांना वाटत होते. रात्रीच्याविषयी ते काही बोलले नाहीत. खिशातून वहीचे घडी घातलेले पान काढून त्यांनी मला दाखवले. त्यावर मुलीच्या अक्षरात देण्याचे आकडे लिहिलेले होते, आणि त्यांतला एक खोडलेला होता.